३५० रुपयांचं 'फिटिंग किट' आणि भोक पडलेला रेडिएटर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटरच्या कूलरचे पंखे बदलायला जाणार असाल तर आधी हे वाचा. दुकानाचं नाव टाकत नाही. वकिलाने तशी ताकीद दिली आहे, नाहीतर पाटीचा फोटोच लावला असता.

माझ्या कॉम्प्युटरचा वॉटर कूलर, म्हणजे आतली उष्णता पाण्याने बाहेर काढणारा, ९,८०० रुपयांचा. ते पाणी जिथे थंड होतं तो रेडिएटर ३६० मिमीचा, त्यावर पंखे बसवलेले. ते तिन्ही पंखे घरघरायला लागले. नवे आणून झिप टायने, म्हणजे प्लास्टिकच्या बांधायच्या पट्ट्यांनी, बांधावेत असं डोक्यात होतं. शेठ हसला. "झिप टाय कशाला साहेब? १२० मिमीचे तीन देतो, ८५० ला एक. किट ३५०, फिटिंग ४००." झाले ३,३००. पक्कं बिल मागितलं तर १८ टक्के वर पडतील म्हणाला. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

किट म्हणजे काय, तर बिस्किटाच्या डब्यातले सुटे स्क्रू. पोऱ्याने मूठभर काउंटरवर ओतले आणि हाताला येईल तो लावत सुटला. पंखा २५ मिमी जाड, त्याला स्क्रू ३० मिमीचा लागतो. याने लावलेल्यांत चार ३५ चे निघाले, घरी पट्टीवर मोजले मी. कोपऱ्यातला एक शेवटच्या दोन आट्यांना अडला. पोऱ्याने स्क्रू ड्रायव्हरवर तळहात ठेवून जोर लावला आणि बारीक 'कच्च' आवाज आला. मी ऐकला. विचारलंही. "नया है ना साहब, टाइट जाता है." तो 'कच्च' अजून कानात आहे. पण मागे गिऱ्हाइकांची रेटारेटी, शेठ दुसऱ्याशी बोलतोय, आणि मी बँकेत काम करणारा माणूस. स्क्रू किती आत गेला हे मला कसं दिसणार होतं? ते बघण्याचेच तर ४०० घेतले होते ना?

रेडिएटरच्या पत्र्याखाली लगेच पाण्याच्या चपट्या नळ्या असतात. काहींत भोकाखाली आडवी पट्टी देतात, माझ्यात नव्हती. पाणी थेंबथेंब झिरपत राहिलं आणि खालचं ३१,५०० चं ग्राफिक्स कार्ड गेलं. पंखे सोडवले तर तेही जुनेच! नामांकित कंपनीचं स्टिकर नखाने निघालं, खाली दुसरंच नाव, पात्यांच्या मुळाशी काळी धूळ. एकूण ४४,६०० रुपये पाण्यात, अक्षरशः.

शेठ म्हणतो, गळती तुमच्या घरी झाली. कूलरवाल्या कंपनीने 'फिजिकल डॅमेज' लिहून वॉरंटी नाकारली. चौकीत गेलो तर साहेबांनी कागद हातातही घेतला नाही. दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा. जुना माल नवा म्हणून विकणं दिवाणी कसं, हे विचारल्यावर "तुम्ही शिकलेले ना? मग बिल का नाही घेतलं?" म्हणजे आरोपी मीच. ग्राहक हेल्पलाइनवर बाईंनी दुकानाचा जीएसटी नंबर मागितला. अहो, तो असता तर पक्कं बिलच नसतं का माझ्याकडे! मग तक्रार बंद झाल्याचा मेसेज, आणि त्याच्याखाली सेवेला पाचपैकी किती गुण द्याल म्हणून विचारणा. निर्लज्जपणाचीही हद्द असते.

कूलरबरोबर आलेले स्क्रू जपून ठेवा, फेकू नका. ते हरवलेच असतील तर झिप टाय वापरा, दिसायला गबाळे पण नळी फोडत नाहीत. स्क्रू लांब वाटला तर डोक्याखाली वॉशर घाला. हाताने सहज फिरत नसेल तर तिथेच थांबवा, पोऱ्या काहीही म्हणो. पंख्याची पाती बोटाने पुसून बघा. आणि १८ टक्के द्या, मुकाट्याने.

आता ई-जागृतीवर, म्हणजे ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर, तक्रार टाकली आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. यूपीआयची नोंद, सोललेलं स्टिकर आणि तो ३५ मिमीचा स्क्रू पिशवीत घालून ठेवलाय. कुणाकडे असंच बिस्किटाच्या डब्यातलं 'किट' आलं असेल तर कळवा, तक्रारीला जोड मिळेल.