घरी नव्याने उभी केलेली सिट्रोएन टू-सीव्ही: आठ महिने चालवल्यानंतर

काम संपवून गाडी रस्त्यावर आणली त्याला आता आठ महिने झाले. साडेपाच हजार किलोमीटर चालवली. रंग अजून झकास आहे, लोक थांबून बघतात, पण या गाडीच्या रंगाबद्दल मला फारसं लिहायचं नाही. या काळात जिथे सुख लागलं त्या जागा वरून दिसत नाहीत, आणि जिथे त्रास झाला त्याही दिसत नाहीत.

गाडी 1983 सालची, 602 सीसीची. दोन आडवे सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, त्यामुळे रेडिएटर नाही, पाण्याची भानगड नाही. 1948 च्या पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात टू-सीव्ही पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि थेट 1990 पर्यंत बनत राहिली. फ्रान्समधल्या शेतकऱ्याला परवडावी, खराब रस्त्यावर चालावी म्हणून ती आखलेली होती. घरी काम करताना हा साधेपणा हाताला जाणवतो. बोनेट उघडून बाजूला सरकवलं की निघून हातात येतं. मडगार्डं मोजक्या बोल्टांवर. काचा, सीटा, दारं उतरवल्यावर उरलेली बॉडी आम्ही चौघांनी हातांनी उचलून बाजूला ठेवली.

खरी परीक्षा चासीची, म्हणजे बॉडी जिच्यावर बसते त्या खालच्या सांगाड्याची. ती आतून पोकळ असते आणि आतूनच गंजते. आमची वरून ठणठणीत दिसत होती. धाकट्या भावाने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत मागे नेलं. पुढे टणटण वाजणारा पत्रा मागच्या अ‍ॅक्सलच्या अलीकडे एकदम भद्द वाजला. टोक टेकवलं तर आत गेलं आणि तपकिरी पापुद्र्यांचा ढीग जमिनीवर पडला. माझा कल पॅच मारण्याकडे होता, कारण तेवढं वेल्डिंग जमतं मला. तो म्हणाला, "ताई, एवढं सगळं उघडलंय तर नवीच टाकू." जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासी आणली, बॉडी बसवण्याआधी तिच्या पोकळीत मेण फवारलं. आठ महिन्यांनंतरही चारही दारं बोटाने लोटली तरी लागतात, बोनेट आणि काचेमधली फट दोन्हीकडे सारखी आहे. चासी वाकायला लागली की ही फट आधी बिघडते, म्हणून मी ती अधूनमधून बघत असते. त्या दिवशी त्याचं ऐकलं हे फार बरं झालं.

ब्रेकबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण इथे चूक झाली तर जीव जाऊ शकतो. 1981 पासून या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आले आणि त्यांच्यासाठी एलएचएम नावाचं हिरवं खनिज तेल लागतं. त्याआधीच्या ड्रमवाल्या गाड्यांना नेहमीचं ब्रेक ऑइल. दोन्हींची सीलं वेगळ्या रबराची असतात, अदलाबदल केली की ती खराब होतात. आमच्या ब्रेक तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत हिरव्याऐवजी मळकट पिवळं. आधी कुणीतरी सर्रास साधं ऑइल ओतलेलं होतं. पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर खोलला तेव्हा सीलं मऊ पडून फुगलेली होती. बोटाने दाबलं की दबायची आणि परत वर यायचीच नाहीत. मग मास्टर सिलिंडर, कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची) सीलं, होज सगळं बदललं, पाइप धुऊन घेतले. आता टाकीतली पातळी आठ महिन्यांत केसभरही हललेली नाही.

चुकलं ते हँडब्रेकला. या गाडीच्या पुढच्या डिस्क चाकात नसतात, गिअरबॉक्सला लागून असतात आणि हँडब्रेकही त्यांच्यावरच चालतो. तिसऱ्या महिन्यात चढावर गाडी मागे सरकली. वाकून बघितलं तर उजवी डिस्क तेलकट. गिअरबॉक्सचं सील पाझरत होतं. इंजिन बाहेर असताना ते कोरडं दिसलं म्हणून मी हात लावला नव्हता. तेव्हा ते सोपं होतं. आता ड्राइव्ह शाफ्ट, कॅलिपर, डिस्क काढून, खास पाना मिळवून तीच वाट पुन्हा चालावी लागली. तेल प्यायलेले पॅड फेकून दिले. ते साफ करून वापरायचा विचारसुद्धा करू नका.

सस्पेन्शन ही या गाडीची जान आहे. दोन्ही बाजूंना गाडीच्या तळाखाली आडवे सिलिंडर, त्यांत स्प्रिंगा, पुढचं चाक आणि मागचं चाक त्यांनी जोडलेलं. खड्ड्यात गाडी आपटत नाही, होडीसारखी झुलून पार होते. वळणावर खूप कलते, पण सुटत नाही. दुसऱ्या महिन्यात कुईकुई सुरू झाली, तेव्हा त्या सिलिंडरांत एरंडेल घालण्याची जुनी युक्ती करून बघितली आणि आवाज गेला. पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिनांना मी दर हजार किलोमीटरला ग्रीस देते. चाक उचलून, नवं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत. पाच मिनिटांचं काम आहे, टाळलं तर किंगपिन झिजतात आणि ते बदलायला प्रेस लागतो.

इंजिनबद्दल तक्रार करायला जागा नाही. प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर नाही, दोन्ही प्लग एकाच वेळी पेटतात. सिलिंडर आणि त्याच्या हेडमधलं गॅस्केटही नाही, त्यामुळे ते उडण्याचा प्रश्नच नाही. फक्त ठिणगीची वेळ ठरवणारे, उघडझाप करणारे पॉइंट पंख्याच्या मागे लपलेले असतात. चढावर दम कमी वाटू लागला तेव्हा जाळी आणि पंखा काढून बघितलं, त्यांच्यातली फट जवळजवळ मिटली होती. फट मोजायच्या पातळ पट्टीने, म्हणजे फीलर गेजने, 0.4 मिलिमीटर केली आणि गाडी पूर्वीसारखी ओढू लागली.

पावसात पायावर पाणी टपकायचं. छतावर संशय होता, पण समोरच्या काचेखाली हवेसाठी जी झडप असते तिचं रबर नीट चिकटलं नव्हतं. चटई उचलली तर खालच्या पत्र्यावर नखाएवढा गंज आलेला दिसला. घासून प्राइमर मारला आहे. रबर परत बसवलं. डाव्या बाजूचं गिअरबॉक्स सील अजून कोरडं आहे, पण नवं सील आणून ठेवलंय, आणि येत्या सुट्टीत तेही बदलणार आहे.