'लव्ह, लाइज': नावाला प्रेमाचा त्रिकोण, खरं भांडण गळ्यांचं

आधीच सांगून टाकते, हा सिनेमा बघताना रुमाल घेऊन बसू नका. कोरियन प्रेमकथा म्हटली की आपण धरूनच चालतो की शेवटी कुणाला तरी कॅन्सर होणार, पाऊस पडणार आणि आपण डोळे पुसणार. इथे तसलं काही नाही. मला तर रडू आलंच नाही, राग आला, आणि तोही त्या दगाबाज हिरोचा नाही, हिरॉइनचा. अगं बाई, तुझ्याकडे काय आहे ते तुला कळतंय का, असं टीव्हीच्या आत जाऊन सांगावंसं वाटत होतं.

सिनेमा २०१६ चा आहे, दिग्दर्शक पार्क हंग-सिक. कोरियात फार चालला नव्हता आणि का नाही चालला तेही बघताना कळतं, त्यावर येतेच. मेन तिघं म्हणजे हान ह्यो-जू, चॉन वू-ही आणि यू योन-सॉक. कोरियन सिरियलवाल्यांना हान ह्यो-जू 'डोंग यी'मुळे माहीत असेल. गंमत म्हणजे हे तिघंही आदल्याच वर्षी 'द ब्यूटी इनसाइड'मध्ये होते, त्यामुळे ज्यांनी तो बघितलाय त्यांना सुरुवातीला जरा चुकल्यासारखं होईल.

काळ १९४३ चा. कोरिया जपानच्या ताब्यात (१९१० पासून ते पार १९४५ पर्यंत होता), आणि सेऊलला तेव्हा ग्योंगसॉन्ग म्हणायचे. तिथे गिसेंग मुलींची एक शाळा आहे. गिसेंग म्हणजे गाणं, नाच, कविता, वाद्यं, सगळ्यात तयार केलेल्या बायका, बड्या लोकांच्या बैठकीत गाणाऱ्या. आपल्याकडच्या कलावंतिणींची आठवण येणारच. समाजाला त्यांचं गाणं हवं, त्या स्वतः घरात नकोत, हे दोन्हीकडे सेमच. तर या शाळेत दोन जिवलग मैत्रिणी. सो-युल ही नामवंत गिसेंगची मुलगी, जन्मापासून गाण्यात वाढलेली, शाळेची शान. दुसरी योन-ही, तिला बापाने लहानपणीच तिथे आणून विकलेलं. सो-युलचं युन-उ नावाच्या संगीतकारावर प्रेम, तो पॉप्युलर गाणी करतो आणि त्याला सगळ्या देशाच्या मनातलं एक गाणं करायचंय. ते गाणं आपल्यासाठीच, असं सो-युल धरून चाललीय. आणि मग तो योन-हीचा आवाज ऐकतो.

बस, इथून पुढे स्टोरी सांगत नाही. पण एवढं सांगते की त्याने दुसरी मुलगी पसंत केली हे सो-युलने कदाचित गिळलंही असतं, दुसरा गळा पसंत केला हे तिला गिळता येत नाही. अख्ख्या सिनेमाचा जीव या एका गोष्टीत आहे, आणि जोवर दिग्दर्शकाला ते आठवतं तोवर सिनेमा फर्स्टक्लास आहे.

आता मी ग्वाल्हेरची, आणि इथल्या मराठी घरांत गाण्यावरून भांडणं नवीन नाहीत. लष्कर या गावातल्या जुन्या भागात तर कुठल्याही गोठीत (म्हणजे वस्तीत) जा, एखादी तरी म्हातारी सापडेल जी सांगेल की मी माधव संगीत महाविद्यालयात शिकले (१९१८ सालचं कॉलेज आहे ते, माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांकडून सुरू करवलेलं) आणि आताचं गाणं म्हणजे नुसता आरडाओरडा. आमच्या घरी ते पद आत्याकडे आहे. थंडीचे दिवस, बाहेर धुकं, भाचीने सिनेमा लावला, मी गजक (आमच्याकडची तिळाची मिठाई) फोडून ताटलीत ठेवला, आणि आत्या म्हणे मी पाच मिनिटं बसते, मला ते चिनी-जपानी काही कळत नाही.

आणि मग सो-युल गायला लागली.

ती जे गाते त्याला जॉन्गा म्हणतात, कोरियातलं जुनं खानदानी गायन, तिकडे सरदार-विद्वान लोकांचं मानलेलं. ऐकलं नसेल तर सांगते, इतकं संथ गाणं तुम्ही ऐकलं नसेल. एक स्वर धरतात आणि नुसता धरून ठेवतात, सरळ, न हलवता, आणि आपल्याला वाटतं आता सोडेल, तेव्हा तो जरासा थरथरतो आणि वळतो. चेहऱ्यावर काही नाही. हातवारे नाहीत. भाची म्हणाली, मामी, हे स्लो मोशनमध्ये आहे का. आत्याने तिच्या हातातून रिमोटच काढून घेतला. मागे नेऊन तो तुकडा परत लावला, मग पुन्हा एकदा, डोळे मिटून, गुडघ्यावर बोटं टेकत, आणि म्हणाली, "थांब गं, ही श्वास कुठे घेऊन राहिलीय ते बघू दे." शेवटी सापडलं तिला. शब्दाच्या मधे घेते, पण स्वर खाली उतरताना, म्हणून कळत नाही. "पोरगी तयारीची आहे," झालं, आत्याचं सर्टिफिकेट मिळालं. पाच मिनिटं बसणार होती ती शेवटपर्यंत उठली नाही आणि गजकही तिनेच संपवला.

मी नंतर वाचलं त्याबद्दल थोडं. या जॉन्गातलाच एक प्रकार गागोक, २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलाय. तीन ओळींची जेमतेम पंचेचाळीस अक्षरांची कविता असते आणि ती गायला दहा-दहा मिनिटं लागू शकतात. आणि आवर्तन सोळा मात्रांचं! आत्याला फोन करून सांगितलं तर म्हणे मग तिलवाडाच झाला की आपला (तोही सोळा मात्रांचा ताल), आणि स्वतःवर खूश होऊन फोन ठेवून दिला. तिलवाडा अर्थातच नाही तो, त्यांची वजनं वेगळी, पण विलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला त्या संथपणाची भीती वाटत नाही हे मात्र खरं.

योन-हीचं गाणं बरोब्बर उलटं. ती 'मोकपोचे अश्रू' गाते. हे खरंखुरं गाणं आहे, १९३५ चं, ली नान-यंग नावाच्या गायिकेचं, त्या काळी कोरियात घराघरांत पोचलेलं आणि आजही म्हातारे लोक गुणगुणतात असं. मोकपो हे तिकडचं नैर्ऋत्येचं बंदर. सिनेमात ली नान-यंग स्वतः एक पात्र म्हणूनपण येते आणि या दोघी मैत्रिणी तिच्या फॅन आहेत. (या बाईच्या दोन मुली आणि एक भाची पुढे १९५९ मध्ये अमेरिकेत जाऊन गायल्या, द किम सिस्टर्स, म्हणजे हे आताचं के-पॉप वगैरे काही अचानक आकाशातून पडलेलं नाही.) योन-हीच्या आवाजात घासून-पुसून ठेवलेलं काही नाही, जे पोटात आहे ते सरळ बाहेर. चॉन वू-हीने ही गाणी स्वतः गायलीत आणि ते कळतं, कारण डबिंगमध्ये ओठ आणि गळ्याच्या शिरा यांचा जो घोळ होतो तो इथे नाही. गाताना तिची मान बघा.

मला यातली अजून एक गोष्ट फार पटली आणि ती सिनेमात कुणी बोलून दाखवत नाही. ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं बसायची. आता दहा मिनिटांचं गाणं गाणारीने काय करायचं? आपल्याकडेही हेच झालं ना. १९०२ मध्ये गौहरजान या नामवंत गायिकेने कलकत्त्यात रेकॉर्डिंग केलं तेव्हा तासभर खुलवायची चीज तीन मिनिटांत कोंबायची कला तिने शिकून घेतली, आणि शेवटी ठसक्यात "माय नेम इज गौहरजान" म्हणून मोकळी झाली. ज्यांना हे जमलं ते राहिले, ज्यांनी नाक मुरडलं त्यांचा आवाज आज आपल्याकडे नाही. आणि ग्वाल्हेरकरांनी तरी नाक मुरडू नये, ख्यालाच्या या गावात राजघराण्यातल्याच भैया गणपतरावांनी हार्मोनियम आणि ठुमरी यांना डोक्यावर घेतलं होतं, गौहरजानसुद्धा त्यांच्याकडे शिकली असं सांगतात. म्हणजे शुद्ध आणि लोकप्रिय यांचं वैर आहेच असं काही नाही. सो-युलला मात्र कुणी हे सांगितलं नाही. ती स्वतःचं गाणं बाजूला ठेवते आणि योन-हीसारखं गायला बघते. माझा राग तो इथला. प्रेमात हरलीस, ठीक आहे, रड, शिव्या दे, पण गळा का बदलतेस!

आता तक्रारी. पहिली, युन-उ. या माणसासाठी दोघींची आयुष्यं धुळीला मिळतात आणि त्याच्यात आहे काय, तर छान कोट, केस मागे वळवलेले आणि पियानो. यू योन-सॉक नट वाईट नाही पण त्याला करायला काही दिलंच नाही. सामान्य लोकांसाठी गाणं करायचंय म्हणतो आणि सामान्य लोक सिनेमात जवळजवळ दिसतच नाहीत, सगळं बैठका, क्लब आणि स्टुडिओ. ज्या काळात कोरियन भाषेतली मोठी वर्तमानपत्रं सरकारने बंद पाडली होती (१९४० मध्ये), त्या काळात कोरियन गाणं लिहिणं ही केवढी मोठी गोष्ट असेल, पण सिनेमा ते एक-दोन प्रसंगांत उरकतो.

दुसरी तक्रार मोठी आहे. मध्यंतरानंतर (मध्यंतर नाही सिनेमात, आमचं चहाचं मध्यंतर) एक जपानी पोलीस अधिकारी येतो, सो-युल त्याच्या आसऱ्याला जाते आणि सूड सुरू होतो. इथून ती दुपारची सिरियल होते. एक सत्ता हातात आलेली बाई, एक छळ होणारी मैत्रीण, एक जेल, डोळे मोठे करून बघणं. जी मुलगी नुसत्या श्वासाने आख्खी खोली गप्प करायची तिला आता लिपस्टिक लावून कट करायला लावलाय. मत्सर दाखवायला एवढ्या सामानाची गरजच नव्हती, सुरुवातीला योन-ही गात असताना सो-युलचं जे हसू अर्धवट राहतं त्यात सगळं आलं होतं. मित्राचं गाणं आपल्यापेक्षा जास्त रंगलं की चेहरा नक्की असाच होतो, तानसेन समारोहात पुढच्या रांगांत बसलेल्या गवयांकडे एकदा निरखून बघा.

तिसरी, म्हातारपणाचा मेकअप. अहो, काय आहे ते! हान ह्यो-जूलाच म्हातारी केलीय, रबराच्या सुरकुत्या चिकटवून, आणि नेमका तो प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा आहे. भाची हसली, आत्या म्हणाली आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकात याच्यापेक्षा बरी रंगभूषा व्हायची. एखादी खरी म्हातारी नटी घेतली असती तर काय बिघडलं असतं? त्या प्रसंगात ती जे बोलते ते मला पुरतं पटलं, पण बघायचं कुठे तेच कळेना.

बाकी कपडे म्हणाल तर डोळे निवतील. हानबोकचे (कोरियन पारंपरिक पोशाखाचे) रंग, फिकट पिस्ता, मोतिया, मधेच एक गडद जांभळा, आणि सो-युल जसजशी बदलते तसतसे तिचे कपडेही परदेशी होत जातात, तेवढं मात्र नीट विचार करून केलंय. सेट जरा जास्तच चकचकीत, १९४३ म्हणजे युद्धाचे दिवस, टंचाईचे, पण कुठे एक ठिगळ लावलेली बाही नाही.

सबटायटलबद्दल एक वॉर्निंग. आम्हाला मिळालेल्या कॉपीत संवादांना होती, गाण्यांना अर्धीमुर्धीच, आणि ज्या सिनेमात अर्धी गोष्ट गाण्यात आहे तिथे हा अन्याय आहे. गाण्यांचे शब्द दाखवणारी कॉपी शोधा.

बघावा का? गाण्यात थोडा जरी जीव असेल तर नक्की बघा, पहिला तास तर दोनदा बघा. नुसती लव्हस्टोरी हवी असेल तर तुम्ही हिरोला शिव्या घालत उठाल. घरात कुणी गाणं शिकणारी मुलगी असेल, विशेषतः ती रिअॅलिटी शोच्या ऑडिशनची तयारी करणारी, तर तिला शेजारी बसवा, नंतर घरात भरपूर वाद होईल आणि तो सिनेमाच्या दुसऱ्या अर्ध्यापेक्षा बरा असेल. माझ्याकडून पाचपैकी तीन, त्यातले दोन नुसत्या गाण्यांचे. आत्याने साडेचार दिलेत पण तिने शेवटचा भाग रिमोटने पळवत बघितला, त्यामुळे ते धरू नका. आणि मोबाइलच्या स्पीकरवर तर मुळीच बघू नका, जॉन्गा त्यावर नुसती डासासारखी ऐकू येते, चांगले हेडफोन लावा नाहीतर टीव्हीला मोठा स्पीकर जोडा.