देणगीदारांची नावं, पक्षखर्चाला मर्यादा की सरकारी पैसा: आधी काय मागायचं?

निवडणुकीतला काळा पैसा थांबला पाहिजे, यावर चहाच्या टपरीवरही एकमत होतं. नेमकी मागणी काय करायची, इथे मात्र घोडं पेंड खातं. सह्यांच्या कागदावर एकच मागणी लिहायची असेल तर आपल्यापुढे तीन पर्याय आहेत: देणग्या देणाऱ्यांची नावं मतदानाआधी जाहीर करायला लावणं, पक्षाच्या खर्चालाही मर्यादा घालणं, किंवा प्रचाराचा खर्च सरकारी तिजोरीतून करणं.

निवडण्याआधी आज काय चालतं ते पाहू. जानेवारी २०२२ पासून विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाख आणि गोव्यात २८ लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. त्यासाठी वेगळं बँक खातं, रोजची नोंदवही, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब. चहा, खुर्च्या, मांडव यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. अशी वही एका उमेदवारासाठी मी स्वतः लिहिली आहे. वडापाव नगानिशी मोजलेले होते. हायवेवरच्या धाब्यावर रोज रात्री उठणाऱ्या पंगती त्या वहीत शोधून सापडल्या नसत्या.

वही आणि वास्तव यांतलं अंतर किती असतं, हे गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये जाहीर भाषणात सांगून टाकलं: २००९ च्या लोकसभेला आपला खर्च आठ कोटी झाला. तेव्हाची मर्यादा होती २५ लाख. निवडणूक आयोगाची नोटीस आली, खासदारकी गेली नाही. बाकीचे जे मनात ठेवतात ते मुंडे बोलले, एवढाच फरक.

पक्षखर्चाला मर्यादा

मर्यादा आहे ती उमेदवाराला. पक्षाने किती उधळावेत याला कायद्यात आकडाच नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं होतं की, उमेदवाराच्या माहितीने आणि संमतीने पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच नावावर धरावा. संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून पक्षाच्या खर्चाला यातून सूट दिली आणि ही वाट बुजवली. पुढे २००३ मध्ये सूट आवळली, पण स्टार प्रचारकांचा प्रवास अजून उमेदवाराच्या हिशेबात येत नाही. हेलिकॉप्टर गावच्या मैदानात उतरतं, धुळीसकट सगळ्यांना दिसतं, फक्त वहीत दिसत नाही.

म्हणून ही मागणी न्याय्य आहे. पण ती अर्धीच लागू पडेल. पक्षाची जाहिरात, विमानं, मोठ्या सभा यांना चाप बसेल. आदल्या रात्री होणाऱ्या ‘लक्ष्मीदर्शना’ला नाही, कारण ती रक्कम कुठल्याच खात्यातून निघत नाही. शिवाय आज ४० लाखांच्या मर्यादेचं जे होतं, तेच पक्षाच्या मर्यादेचं होणार नाही कशावरून?

सरकारी पैसा

ऐकायला सगळ्यात आकर्षक हाच पर्याय. १९९८ च्या इंद्रजित गुप्ता समितीने त्याची शिफारस केली होती, मात्र मदत रोख न देता वस्तूंच्या रूपात, आणि फक्त मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना. म्हणजे अपक्ष आणि नवे पक्ष बाहेरच.

पैशाची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. २८८ मतदारसंघ, प्रत्येकी चार उमेदवार, प्रत्येकाला पूर्ण ४० लाख असं धरलं तरी बेरीज सुमारे ४६१ कोटी होते, तीही पाच वर्षांतून एकदा. सहा लाख कोटींपुढे गेलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात ती सामावेल. खरी अडचण पुढची आहे: सरकारने ४० लाख दिले म्हणून वहीबाहेरचे कोट्यवधी यायचे थांबतील का? थांबले नाहीत तर आपण फक्त वडापावाचं बिल भरू.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने हा धोका ओळखला होता. तिथले गव्हर्नर जॉन रोलंड यांनी कंत्राटदारांकडून फायदे घेतले, आपल्या कॉटेजचं कामही करून घेतलं. २००४ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला, पुढे तुरुंगात जावं लागलं. २००५ च्या कायद्याने तिथे प्रचाराला सरकारी अनुदान सुरू झालं, आणि त्याच कायद्याने सरकारी कंत्राटदारांच्या देणग्यांवर बंदीही आली. अनुदान मागणाऱ्याने आधी लोकांत आधार दाखवायचा: सुरुवातीच्या नियमानुसार कनिष्ठ सभागृहाच्या उमेदवाराने आपल्या भागातल्या किमान १५० रहिवाशांसह छोट्या देणगीदारांकडून ५,००० डॉलर जमवायचे. ही अट मला फार आवडते. आपल्याकडे निदान माणसं तरी मोजली गेली असती. (रोलंड मात्र २०१४ मध्ये पुन्हा दोषी ठरले, प्रचारसल्ल्याचे पैसे लपवल्याबद्दल. कायद्याने व्यवस्था सुधारते, स्वभाव नाही.)

आधी नावं

राहिला देणगीदारांची नावं जाहीर करण्याचा पर्याय, आणि माझं मत याच बाजूला झुकतं. राज्याच्या राजकारणात देणगीची परतफेड कशातून होते? रस्त्याची कंत्राटं, जमिनीचा वापर बदलणं, वाळू, परवाने. हे सगळं मंत्रालयात आणि जिल्ह्यात ठरतं. कोणी दिलं आणि नंतर कोणाला मिळालं, या दोन याद्या शेजारी ठेवता आल्या तरच प्रश्न विचारता येतो.

निवडणूक रोखे म्हणजे बँकेतून विकत घेऊन, नाव उघड न करता पक्षाला देणगी द्यायची सोय. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे रोखे घटनाबाह्य ठरवले, मार्चमध्ये नावं बाहेर आली, आणि याद्या शेजारी ठेवणं लोकांनी लगेच सुरू केलं. मेघा इंजिनिअरिंग या बांधकाम कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये १४० कोटींचे रोखे घेतले होते आणि त्याच सुमारास ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचं हजारो कोटींचं काम तिला मिळालं. एवढ्यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही. पण तारखा समोर नसत्या तर प्रश्नही पडला नसता.

याला एक सरळ आक्षेप आहे: नावं उघड झाली तर विरोधकांना मदत करणाऱ्यावर सरकार डूख धरेल. भीती खोटी नाही. मात्र रोखे विकणारी स्टेट बँक सरकारी होती, म्हणजे सरकारला नावं कळू शकत होती. त्या व्यवस्थेत अंधारात राहत होता तो मतदारच.

दुसरा आक्षेप रोखीचा. २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीचं नाव आजही आयोगाला कळवावं लागत नाही आणि २,००० पर्यंत रोख चालते. मोठ्या रकमेचे तुकडे करता येतात. शिवाय पक्षाचा देणगी अहवाल आर्थिक वर्ष संपल्यावर येतो. महाराष्ट्रात मतदान झालं २० नोव्हेंबर २०२४ ला. त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये मिळालेल्या देणग्यांचं ते वर्ष ३१ मार्च २०२५ ला संपलं. मत देऊन झाल्यावर नावं कळून उपयोग काय?

त्यामुळे सही करण्यापूर्वी मागणीचा मजकूर नीट वाचा. ‘पारदर्शकता हवी’ एवढंच लिहिलं असेल तर कागद परत करा. मतदानाच्या किमान आठवडाभर आधी नावं, लहान देणग्यांचीही नोंद, आणि राज्य सरकारच्या कंत्राटदारांच्या देणगीवर बंदी, हे तीन मुद्दे असतील तर सही करा. तुमच्या भागात चांगला माणूस केवळ पैशाअभावी उभा राहत नसेल, तर सरकारी अनुदानाचा कागदही बाजूला ठेवू नका, पण त्यात १५० रहिवाशांसारखी अट आहे का, ते शोधा. आणि उमेदवार दारात आला की समोरच्या रस्त्याचं काम कोणाकडे आहे आणि त्या कंत्राटदाराने पक्षाला किती दिले, एवढंच विचारा.