डेटनचं राइट बंधूंचं उद्यान: अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या सोलापूरकरांसाठी

मुलांकडे गेलेले आपले लोक नायगरा बघतात, वॉशिंग्टन बघतात. ओहायोतल्या डेटनला क्वचित कुणी थांबतं. कोलंबस किंवा सिनसिनाटीत कुणी राहत असेल, तर नक्की जा आणि पूर्ण दिवस काढा. १९९२ मध्ये स्थापन झालेलं हे राष्ट्रीय उद्यान एका कुंपणात नाही, जागा शहरभर विखुरल्या आहेत. गाडी नसेल तर निम्मं राहून जातं.

विल्यम्स रस्त्यावरच्या राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानाला प्रवेश फुकट आहे, तासाभरात उरकतं. पण विमान इथं बनलं असं समजू नका. ते नंतरच्या, थर्ड स्ट्रीटवरच्या दुकानात बनलं आणि ती इमारत हेन्री फोर्डने मिशिगनला हलवून नेली.

कॅरिलॉन पार्कला तिकीट आहे, ते खुशाल काढा. बंधूंचं १९०५ चं विमान 'फ्लायर ३' इथं आहे. विमान खालच्या पातळीवर ठेवलंय, कठड्याला टेकून वरून बघायचं. इंजिनापासून दोन्ही प्रोपेलरकडे जाणाऱ्या साखळ्या शोधा. एक साखळी मध्ये फुली मारून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवलीय, त्यामुळे प्रोपेलर एकमेकांच्या उलट फिरतात. दोन्ही एकाच बाजूला फिरले असते, तर विमान एका अंगाला कलत राहिलं असतं.

मागावर काम केलेल्यांनी पंखांच्या कापडाची माहिती आवर्जून घ्यावी. १९०३ च्या विमानाला बंधूंनी मलमल लावली, तीही उरेब. धागे ४५ अंशांत आले की तिरपा ताण कापडच पेलतं, पंखात वेगळे तिरपे आधार घालावे लागत नाहीत. फ्लायर ३ वरचं आजचं कापड मात्र मूळ नाही.

सगळ्यात मोलाची जागा म्हणजे हफमन प्रेअरी, आणि नेमकी तीच लोक गाळतात, कारण तिथं वरवर नुसतं गवत दिसतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या किटी हॉकला १९०३ मध्ये विमान उडालं. ते वळवायला बंधू इथं शिकले. २० सप्टेंबर १९०४ ला पहिली पूर्ण फेरी झाली, १ मिनिट ३६ सेकंदांची. ५ ऑक्टोबर १९०५ ला थोरला भाऊ विल्बर ३९ मिनिटं याच कुरणावर गोल गोल फिरत राहिला: २४ मैल, म्हणजे अंदाजे सोलापूर ते अक्कलकोट.

लाकडी मनोऱ्याची प्रतिकृती नीट बघा. किटी हॉकसारखा जोराचा वारा इथं नव्हता, रुळावरून धावताना विमानाला पुरेसा वेग येईना. म्हणून मनोऱ्यावरून जड वजन खाली सोडायचं, दोराने विमान पुढं ओढलं जायचं. शेजारी त्यांच्या शेडचीही प्रतिकृती आहे.

मैदान हवाई दलाच्या तळाच्या हद्दीत आहे. कधी कधी बंद असतं आणि लोक फाटकावरून परत येतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा. ओळखपत्र जवळ ठेवा. सावली नाही, टोपी, पाणी आणि बंद बूट लागतात. खाण्याचं दुकानही मैदानात नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून नेली तर उत्तम, उन्हात खराब होत नाही.

जवळच हवाई दलाचं प्रचंड संग्रहालय आहे, तेही फुकट. त्याच दिवशी ते घुसवू नका. त्याला स्वतंत्र दिवस लागतो आणि घाईत मैदानच सुटतं.