देवगडच्या आंबा शेडमध्ये आयपी फोन: एका हंगामानंतर

पाडव्याच्या आधी जामसंड्याचं घर आणि पॅकिंग शेड मिळून पाच आयपी फोन, म्हणजे नेटवर्कच्या तारेवरून चालणारे फोन, बसवून घेतले. हंगाम संपला, आता लिहिते. फोन उत्तम, बसवणाऱ्यांचं काम अर्धवट.

एप्रिलचा पहिला आठवडा, ऑर्डरी जोरात, आणि पुण्या-मुंबईचा फोन उचलला की पलीकडे शांतता. आमचा आवाज गिऱ्हाइकाला जायचा, त्याचा आम्हाला यायचा नाही. बिचारे पेट्या किती, पत्ता काय, सगळं सांगून मोकळे व्हायचे आणि इथे एक अक्षर पोचलेलं नसायचं. बसवणारे तीन दिवस म्हणत राहिले, नेट स्लो आहे. नेट ठीक होतं.

शेवटी भाचा आला, तो याच कामातला. "मामी, शेडला फोन लावा." मी बोलत असतानाच त्याने एक्स्चेंजच्या डब्याची पिन काढली. दिवे विझले, तरी शेडमधून गडी विचारतोच आहे, "वयनी, पाच डझनवाले किती भरूचे?" घंटी वाजवायची, फोन जोडायचा, हे डबा एसआयपी नावाच्या पद्धतीने करतो. आवाज आरटीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीने वेगळ्या वाटेने जातो, आणि आमच्याकडे तो थेट फोनकडून फोनकडे जात होता.

बाहेरच्या कॉलला तेच नडलं. फोन पलीकडे 192.168 ने सुरू होणारा घरातला पत्ता कळवायचा, त्या पत्त्यावर बाहेरून काही पोचत नाही. भाच्याने बाहेरचा आवाज डब्यातूनच फिरवला, डब्याला आमचा बाहेरचा पत्ता सांगितला, राउटरमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे एसआयपीच्या निरोपातले पत्ते आपणहून बदलणारी सोय, बंद केलं. अर्ध्या तासात पुण्याचं गिऱ्हाईक स्वच्छ ऐकू आलं!

आवाजाचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे, सेकंदाला 50 जातात, 50 येतात. आवाज आकड्यांत बदलायची जी.711 ही पद्धत असली की एका कॉलला दोन्ही बाजूंना 80 केबीपीएसच्या (सेकंदाला 80 हजार बिट) वर लागतात. फायबर तुटून मोबाइल डेटावर आलो की आवाज तुटायचा, म्हणून तेवढ्यापुरतं जी.729 लावलं, ते आवाज जास्त दाबून पाठवतं. त्यात एका तुकड्यात आंबा, म्हणजे खरा आवाज, 20 बाइट आणि वरचं गवत, म्हणजे पत्त्याबित्त्याची माहिती, 40 बाइट, तरी कॉल 24 केबीपीएसमध्ये बसतो. आवाज जरा दबका येतो, पण शब्द गळत नाही.

एक राग मात्र अजून आहे. घरापासून शेडपर्यंत त्यांनी उघड्यावरून तांब्याची केबल ओढली. मेच्या वळवात वीज कडाडली आणि नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या स्विचचे दोन पोर्ट जळले. कोकणात काम करणाऱ्याला हे सांगावं लागू नये. दिवाळीनंतर तिथे फायबर टाकून घेणार आहे, दुसऱ्या माणसाकडून.