पाण्याचे फोटो आणि सर्क्युलर पोलरायझर: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

जूनच्या तोंडावर एक मध्यम किमतीचा सर्क्युलर पोलरायझर (लेन्सपुढे लावून फिरवायचा, चकाकी कमी करणारा काचेचा फिल्टर) घेतला आणि उन्हाळा लागेपर्यंत भंडारदरा, नाणेघाट, हरिहरेश्वर, गुहागर असा सगळीकडे वापरला. लेन्सचा व्यास 67 मिमी, पण फिल्टर मुद्दाम 77 चा घेऊन मध्ये स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावली. उद्या लेन्स बदलली तरी फिल्टर तोच चालतो.

दुकानात हा 'आकाश निळंशार करणारा फिल्टर' म्हणून विकतात. त्या कामाला मी तो जवळजवळ लावलाच नाही. आकाश सगळ्यात गडद होतं ते सूर्यापासून काटकोनातल्या पट्ट्यात, त्यामुळे वाइड लेन्सवर (रुंद दृश्य टिपणाऱ्या) आभाळाचा एक कोपरा काळपट आणि दुसरा फिका येतो. ते फार वाईट दिसतं. याची खरी कमाई पाण्यात आहे.

पावसाळ्यात ऊनच नसतं, मग पोलरायझर काय कामाचा, असं बरेच जण म्हणतात. मला तर सगळ्यात मोठा फरक ढगाळ हवेतच दिसला. ओल्या कातळावर, पानांवर, दगडांवर आभाळाची पांढरट चकाकी बसलेली असते. फिल्टरची पुढची रिंग हळूहळू फिरवली की ती उतरते, कातळ काळाभोर होतो आणि शेवाळाचा हिरवा रंग वर येतो. हे नंतर एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन ओढून जमत नाही, कारण चकाकीखालचा रंग कॅमेऱ्यात नीट आलेलाच नसतो. शिवाय फिल्टर दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, तो इथे पथ्यावर पडतो. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीच्या रस्त्याला पावसाळ्यात ठिकठिकाणी लहान धबधबे फुटतात. तिथे झाडाखाली आयएसओ 100 (सेन्सरची संवेदनशीलता), एफ/11 (लेन्सचं छिद्र) ला शटर 1/8 सेकंद मिळत असेल, तर फिल्टर लावून अर्धा सेकंद मिळतो. पाण्याच्या धारा मऊ होतात, तरी धारा म्हणून ओळखू येतात. तीस सेकंदांचा दुधी धबधबा मला स्वतःला आवडत नाही, त्यात पाण्याचा जोरच निघून जातो.

नाणेघाटात मात्र फिल्टर पिशवीत ठेवावा लागला. वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, ते थेट काचेवर येतं, आणि ओल्या हातांनी रिंग फिरवण्यापेक्षा काच पुसण्यातच वेळ जातो.

आता मुख्य गोष्ट. पाऊस ओसरल्यावर, सकाळी वारा सुटायच्या आत, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठी उभे राहा. समोर डोंगराचं प्रतिबिंब, पायाशी पाण्याखाली गोटे. पोलरायझर सगळं प्रतिबिंब पुसून टाकतो असा समज आहे, पण तसं होत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांच्या कोनात पाहिलं तरच चकाकी पूर्ण जाते. नजर जितकी तिरपी होत जाते तितकं प्रतिबिंब टिकतं. म्हणजे दीड मीटर उंचीवर कॅमेरा असेल तर दोन मीटर पुढचं पाणी आरपार दिसतं आणि पलीकडच्या पाण्यात रतनगडाचा डोंगर तसाच राहतो. ट्रायपॉड 30 सेंटिमीटरवर आणला तर ती स्वच्छ जागा पायापासून 40 सेंटिमीटरवर येते. त्यामुळे ट्रायपॉडची उंची हाच रचनेचा निर्णय होतो: तळाचा कोणता दगड फोटोत पुढे हवा, ते आधी ठरवायचं, मग पाय लांब-आखूड करायचे आणि शेवटी रिंग फिरवायची. मी पूर्वी डोळ्याच्या उंचीवरूनच फोटो काढायचो. आता बहुतेक वेळा गुडघ्यावर बसलेला असतो. कॅमेरा आडव्याचा उभा केला की रिंग पुन्हा जुळवावी लागते, हे मात्र रोज विसरायला होतं.

उजेड बाजूने येत असेल तर हे सगळं खुलतं. ऊन वर आलं की पाण्याखालचे गोटे सपाट दिसू लागतात, सावल्या उरत नाहीत.

कोकणात हिशेब उलटा. गुहागरला मावळतीच्या वेळी लाट मागे गेली की ओल्या वाळूवर केशरी आभाळ उतरतं. तोच फोटो असतो. पोलरायझर चुकीच्या बाजूला फिरला तर ती वाळू नुसती तपकिरी दिसते. त्यातून सूर्य समोर असताना काचेचा आणखी एक थर म्हणजे फ्लेअरला (फोटोत उमटणाऱ्या उजेडाच्या डागांना) आमंत्रण. मी सूर्य क्षितिजाला टेकायच्या आत फिल्टर काढून ठेवतो. हरिहरेश्वरच्या कातळावर तो दुपारनंतर उपयोगी पडला, खळग्यांत साचलेलं पाणी तळापर्यंत दिसतं. लाट परतताना 1/4 ते 1/2 सेकंद ठेवलं की फेसाच्या रेघा कॅमेऱ्याकडून समुद्राकडे धावतात आणि नजर आपोआप आत जाते. तिथे ओहोटी पाहूनच उतरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर नकोच, लाट कधी चढेल सांगता येत नाही आणि कातळ निसरडा असतो.

धबधब्याच्या तुषारांत इंद्रधनुष्य दिसलं तर रिंग जपून फिरवा. एका बाजूला ते ठळक होतं, दुसऱ्या बाजूला चक्क गायब.

तक्रारी आहेतच. कोकणच्या एका फेरीनंतर रिंगमध्ये बारीक वाळू आणि मीठ गेलं, फिरवताना करकर आवाज येऊ लागला. साध्या पाण्याने धुतल्यावर बरीच सुटली, पण पहिल्यासारखी गुळगुळीत नाही. रंगात किंचित पिवळेपणा येतो, रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर निस्तरता येतो. हूड (लेन्सपुढचं सावली देणारं झाकण) लावला की रिंगपर्यंत बोटं पोचत नाहीत. आणि फिल्टर स्टेप-अप रिंगमध्ये घट्ट बसतो. तो चिमटीत आवळून ओढू नका, वर्तुळ दबतं आणि आणखी अडकतो. तळहाताने सपाट दाबून फिरवला की निघतो, नाहीतर कडेला रबरबँड गुंडाळा.

सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर धरा. फिल्टरची पुढची बाजू स्क्रीनकडे, आट्यांची बाजू डोळ्याकडे. फिरवताना एका जागी स्क्रीन जवळपास काळी पडली पाहिजे. ती नुसती जांभळट-करडी होत असेल किंवा डाग राहत असतील तर पैसे देऊ नका.