मुंबईत दोन रात्री, लहान खोली: फोर्ट, कुलाबा की दादर?

सुट्टीत मुलांना मुंबई दाखवायची आहे, हातात दोन रात्री आहेत आणि बजेटमध्ये बसते ती साधारण दहा बाय बाराची खोली. शहराच्या मधोमध याहून मोठं काही मिळालं तर ते खिशाला झेपत नाही, हे धरूनच चालू. आता हिशेब करा. १२० चौरस फुटांतले ३९ फूट सहा बाय साडेसहाचा पलंग घेतो आणि १८ फूट तिसऱ्या माणसाची गादी. उरलेल्या ६३ फुटांत कपाट, टेबल, बॅगा आणि दार उघडायची जागा. अशा खोलीत कोणी दिवस काढत नाही. पण दुपारी एक वाजता मुलं उन्हाने आणि चालण्याने थकली की तिथे परतून दोन तास पाठ टेकता आली पाहिजे. म्हणून हॉटेल निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: दुपारी परत येता येईल का? येत असेल तर लहान खोली पुरते. नसेल तर मोठ्या खोलीचे पैसेही वायाच जातात, कारण दिवसभर ती रिकामीच राहते.

या कसोटीवर तीन वस्त्या शेजारी शेजारी ठेवून बघू.

फोर्ट, म्हणजे सीएसएमटी ते हुतात्मा चौक

मुलांना घेऊन पहिल्यांदाच येणाऱ्यांना मी बहुतेक वेळा फोर्टच सुचवते. कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, नागपूरकडची विदर्भ, मराठवाड्याची देवगिरी या गाड्या सीएसएमटीलाच येतात. तिथून दादाभाई नौरोजी मार्गावरचं किंवा त्याच्या गल्ल्यांमधलं हॉटेल पायी गाठता येतं. टॅक्सी शोधा, बॅगा डिकीत बसवा, ही सकाळची पहिली भांडणं टळतात. काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे सगळं हुतात्मा चौकापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. संग्रहालयात सकाळ घालवली की दुपारी खोलीवर आणि संध्याकाळी चर्चगेटमार्गे मरीन ड्राइव्हला, असा दिवस सहज बसतो. थोड्या मोठ्या मुलांना रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय जरूर दाखवा. ते फोर्टातच आहे, फक्त सोमवारी बंद असतं. राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे असतील तर सीएसएमटीहून धीम्या लोकलने तिसरं स्टेशन भायखळा. बाग बुधवारी बंद असते.

रेसिडेन्सीसारखी नीटनेटकी, छोट्या खोल्यांची हॉटेलं फोर्टात आहेत. मात्र याच भागात फसगतही जास्त होते. इमारती जुन्या आहेत, आणि बरीच लॉज दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर आहेत. काही ठिकाणी लिफ्ट नाही, काही ठिकाणी आहे पण तिच्यात दोन माणसं आणि एक बॅग एवढंच मावतं. मोठ्या खोल्यांना पार्टिशन घालून केलेल्या खोल्यांना खिडकीच नसते. एकट्या माणसाने तिथे रात्र काढावी, लहान मुलांना तिथे कोंडू नये. दुसरी गोष्ट रविवारची. ऑफिसं बंद, म्हणून त्यांच्यावर चालणारी कितीतरी उपाहारगृहंही बंद. रस्ते मोकळे मिळतात, मुलांना सीएसएमटीची इमारत समोर उभं राहून निवांत बघता येते, पण जेवण कुठे करायचं ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

कुलाबा

ताजच्या मागच्या गल्ल्यांतली छोटी हॉटेलं आणि गेस्ट हाउसं ही दुसरी निवड. गेटवे दोन मिनिटांवर, समुद्र जवळ. रीगल सिनेमाच्या जवळ मादाम कामा मार्गावर वायडब्ल्यूसीएचं इंटरनॅशनल गेस्ट हाउस आहे. नावावरून अनेकांना ते फक्त महिलांचं वाटतं, पण तिथे कुटुंबांनाही खोली मिळते.

घारापुरीची लेणी हाच सहलीचा मुख्य बेत असेल तर कुलाब्याला तोड नाही. गेटवेहून लाँचला सुमारे एक तास लागतो आणि बेटावर उतरल्यावर वर चढायच्या पायऱ्या बऱ्याच आहेत. सकाळच्या पहिल्या लाँचपैकी एक धरली तर दुपारी उशिरा का होईना, खोलीवर पडता येतं. हाच बेत दादरहून केला तर मुलं परतीच्या प्रवासातच झोपतात आणि त्यांना खांद्यावर घेऊन जिने चढावे लागतात. लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचही बंद होतात. तेव्हा जून ते ऑगस्टमध्ये केवळ घारापुरीसाठी कुलाब्याचं भाडं भरू नका.

बाकी गोष्टींत मात्र कुलाबा मागे पडतो. जवळ ना लोकलचं स्टेशन, ना मेट्रोचं. विधान भवन किंवा हुतात्मा चौकाच्या मेट्रो स्टेशनहून मुलांसोबत चांगलंच चालावं लागतं, नाहीतर टॅक्सी. रिक्षा दक्षिण मुंबईत चालतच नाहीत, हे बाहेरगावच्या मंडळींनी लक्षात ठेवावं. कुलाबा कॉजवे या बाजाराच्या रस्त्यावर साधं, घरगुती चवीचं जेवण शोधावं लागतं आणि बिलही जड होतं. शनिवारी रात्री रस्त्याकडेच्या खोलीत उशिरापर्यंत आवाज येतो.

दादर

आजी-आजोबा बरोबर असतील तर मी फोर्टचा आग्रह सोडते आणि दादर म्हणते. सकाळी उठून शिवाजी पार्कला फेरी, सेनाभवनासमोर आस्वादमध्ये नाश्ता, प्रभादेवीला सिद्धिविनायक, संध्याकाळी शिवाजी मंदिरला नाटक. ज्येष्ठांची दोन दिवसांची मुंबई एवढ्यात पूर्ण होते आणि कुठेही भाषेची किंवा जेवणाची अडचण येत नाही. मुलं आई-बाबांबरोबर दक्षिणेला गेली तरी आजी-आजोबांना खोलीजवळच करण्यासारखं खूप आहे. पूर्वेला स्टेशनजवळ मिडटाउन प्रीतमसारखी हॉटेलं आहेत, पण वर सांगितलेल्या बेतासाठी पश्चिमेकडचं हॉटेल बघा. पूल ओलांडण्याची दगदग वाचते.

दादरची जुनी अडचण होती लोकलची. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणं, लागला की दक्षिणेला जाणं म्हणजे परीक्षा. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि हे चित्र पालटलं. आता दादरहून सीएसएमटी किंवा हुतात्मा चौकाला वातानुकूलित गाडीतून जाता येतं, स्टेशनांत लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, आणि वाटेत नेहरू विज्ञान केंद्राजवळही उतरता येतं. विमानाने येणाऱ्यांनाही हीच मेट्रो थेट विमानतळाहून मिळते. तरीही दुपारी खोलीवर येऊन पुन्हा गेटवेला जायचं, हे दादरहून मुलं करत नाहीत. तिथे राहायचं तर दक्षिणेचा एक अख्खा दिवस आणि दादरचा एक, अशी वाटणी करा.

तारखाही बघा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. त्या आठवड्यात निव्वळ फिरायला येणाऱ्यांनी दादरमध्ये खोली धरू नये. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग मोठी असते.

मरीन ड्राइव्हबद्दल थोडक्यात. सी ग्रीनसारख्या आर्ट डेको इमारतींतल्या हॉटेलांत खिडकीतून समुद्र दिसतो आणि त्याच दृश्याचे पैसे घेतले जातात. मुलं खिडकीशी बसणारी असतील तर एक रात्र जरूर घालवा.

एक मोठी खोली की दोन लहान?

चार-पाच जणांच्या कुटुंबाने इथे कराचा हिशेब करावाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के. ८,००० रुपयांची फॅमिली रूम घेतली तर करासह ९,४४० होतात. ४,००० च्या दोन लहान खोल्या घेतल्या तर ८,४००. शिवाय बाथरूम दोन मिळतात, आणि सकाळी सगळ्यांना एकदम बाहेर पडायचं असतं तेव्हा त्याचं मोल कळतं. खोल्या एकाच मजल्यावर, शक्यतो समोरासमोर मागा.

बुकिंगआधी हॉटेलला फोन लावा आणि खोलीचा व्हिडिओ मागवा. फोटो कोपऱ्यातून काढलेले असतात, त्यात खोली दुप्पट दिसते. व्हिडिओत खिडकी उघडून दाखवायला सांगा. गरम पाणी दिवसभर असतं की ठरावीक वेळेतच, जादा गादीचे पैसे किती, आणि सकाळी सातला पोहोचलो तर खोली मिळेल का, हे तिथेच विचारा. रात्रीच्या गाड्या पहाटे-सकाळी पोहोचतात आणि चेक-इन बहुधा बारा किंवा दोनला असतं. लवकर चेक-इनला अर्ध्या दिवसाचं भाडं मागितलं तरी मुलं लहान असतील तर द्या. तेच पैसे सगळ्यांत सत्कारणी लागतात.

परतीच्या दिवशी फोर्टची बाजू पुन्हा वरचढ ठरते. खोली सकाळीच सोडावी लागते आणि गाडी असते रात्री. हॉटेलने बॅगा ठेवून घेतल्या नाहीत तरी सीएसएमटीला क्लोकरूम आहे. बॅगांना कुलूप मात्र हवं. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे चढायला वेळ मिळतो. दादरला तीच गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते आणि तेवढ्यात मुलं, म्हातारी माणसं आणि सामान आत घ्यावं लागतं. तळकोकणात जाणाऱ्यांचं उलट आहे. तुतारी एक्स्प्रेस दादरहूनच सुटते, तिचं तिकीट काढलं असेल तर शेवटची रात्र दादरलाच काढा.